तोंड का झाकतो?



लावणीच्या दिवसांत घाटघरला गेलो होतो. पावसाने असा जोर धरला की समोरचा जीवधन दिसेना. शिवारफेरी राहिली बाजूला, एका घरी चुलीपाशी बसलो. पोरांनी पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून ‘धडाकेबाज’ लावला होता. महेश कोठारे यांचा हा १९९० सालचा चित्रपट आजही पोरांना पाठ आहे.

आम्ही लहानपणी जत्रेच्या तंबूत हेरांचे चित्रपट पाहिले. ‘फर्ज’ (१९६७) मधला जितेंद्रचा ११६ नंबरचा हेर आठवतो ना? तिकडे विलायतेत १९६२ पासून जेम्स बाँड. साचा ठरलेला. खलनायकाचा गुप्त अड्डा, एकदा तर तो चक्क ज्वालामुखीच्या पोटात! नायक हाती लागला की त्याला मारायचे सोडून हा आपला बेत सांगत बसणार. १९९७ च्या ‘ऑस्टिन पॉवर्स’ या विनोदी चित्रपटाने यावरच बोट ठेवले. खलनायकाचा मुलगा बापाला विचारतो, सरळ गोळी का घालत नाही? बाप त्यालाच गप्प करतो!

आपल्या ‘धडाकेबाज’चा थाटही तसाच, पण मराठमोळा. बाँडकडे नाना करामती यंत्रे, तर आपल्या लक्ष्याकडे बाटलीतला गंगाराम! दोन्ही भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याच. आणि खलनायक कोण, तर कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ.

तो पडद्यावर आला तशा आजीबाई म्हणाल्या, “ह्यो मुडदा त्वांड का झाकतो रं? वळखीचाच असंल.”

सगळे खदखदून हसले. घरधनी मात्र हसला नाही. यंदा ओळखीच्या माणसाने त्याला ‘खास वाण’ म्हणून भाताचे बी दिले होते. पिशवीवर नाव नाही, तारीख नाही, पावती नाही. राबात टाकलेले बी उगवलेच नाही. पाहुण्यांकडून उरलीसुरली रोपे आणली, तरी दोन खाचरे मोकळीच राहिली.

मंडळी, बिननावाची पिशवी म्हणजे मुखवटाच की! अनोळखी माणसाला आपण दहा प्रश्न विचारतो, ओळखीच्याला विचारायची भीड वाटते. थट्टेचे चित्रपट तीच भीड मोडतात. थाटामाटाला भुलू नका, साधा प्रश्न विचारा, एवढेच ते हसवता हसवता सांगतात.

तेव्हा बी घेताना पिशवीवर वाण, लॉट नंबर आणि मुदत पाहा. पक्की पावती मागा. पावती, रिकामी पिशवी, तिचे लेबल आणि मूठभर बी सुगी होईपर्यंत जपून ठेवा. बी उगवले नाही तर ते घेऊन लगेच तालुक्याच्या कृषी कार्यालयात या. आणि दुकानदार कितीही ओळखीचा असो, आजीबाईंचा प्रश्न आधी विचारा: तोंड का झाकतो?