परदेशी नायकाला मराठी का येऊ नये?

हॉलिवूडचा एखादा मोठा मारधाडपट मदुराईत लागतो, तेव्हा त्याचा नायक तमिळ बोलतो. तोच चित्रपट जालना, अंबड वा परतूरच्या तरुणांपर्यंत पोहोचतो तो बहुधा हिंदीत. हा केवळ मनोरंजनाच्या व्यापारातील तपशील नव्हे. त्यात आपल्या भाषेच्या भवितव्याचा प्रश्न दडलेला आहे.

२०१९ साली 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' भारतात आला तो इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. तमिळ संवादांसाठी ए. आर. मुरुगदास यांच्यासारखा नामवंत दिग्दर्शक आणि 'आयर्न मॅन'च्या आवाजासाठी विजय सेतुपती हा लोकप्रिय अभिनेता निवडला गेला. मराठीचा विचारही झाला नाही. वास्तविक २०११च्या जनगणनेनुसार तमिळ भाषकांची संख्या सुमारे ६ कोटी ९० लाख, तर मराठी भाषकांची ८ कोटी ३० लाख. म्हणजे उणीव संख्येची नाही, आग्रहाची आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्यात उर्दू ही राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा होती. त्यामुळे हिंदुस्थानी बोली इथल्या कानांना परकी नाही. हिंदीवर काम भागत असेल, तर वितरकाने मराठीसाठी वेगळा खर्च का करावा?

हिंदीशी आपले वैर नाही. ती देशाला जोडणारी भगिनीभाषा आहे. परंतु बहिणीचा सन्मान करायचा म्हणून आईला ओसरीवर बसवायचे नसते. गंमत अशी की, 'बाहुबली'च्या (२०१५) हिंदी आवृत्तीत प्रभासला आवाज दिला शरद केळकर यांनी आणि 'पुष्पा'त (२०२१) अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांनी. कंठ मराठी कलावंताचा, पण मराठी तेवढी गैरहजर!

भाषांतरित चित्रपट आले तर मराठी चित्रपट बुडेल, अशी भीती काहीजण व्यक्त करतात. कर्नाटकात १९६०च्या दशकातील आंदोलनानंतर याच भीतीपोटी भाषांतरित चित्रपटांना कित्येक दशके दार बंद राहिले. अखेर २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने ही अडवणूक बेकायदा ठरवून तेथील चित्रपट संघटनांना दंड केला. उलट, परदेशी नायक तमिळ बोलू लागल्याने तमिळ चित्रपटसृष्टी खचलेली दिसत नाही. आपला स्वतःचा वारसाही दार बंद करण्याचा नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. त्याने मराठी रंगभूमी दरिद्री झाली नाही, समृद्धच झाली. 'दिग्दर्शक', 'मध्यंतर' असे शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी घडवले, ते चित्रपटाचे नवे माध्यम मराठीने आपलेसे करावे म्हणूनच.

२०२३ मध्ये 'स्पायडरमॅन : अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. प्रारंभ झाला आहे. पण एका सरीने विहीर भरत नाही. चित्रपटगृहाच्या मालकाकडे, वाहिन्यांकडे, वितरकांकडे मराठी आवृत्तीची मागणी सातत्याने गेली पाहिजे आणि ती आली की सहकुटुंब तिकीट काढून ती पाहिली पाहिजे. केवळ घोषणांनी व्यापाराचे गणित बदलत नाही. संवादही कोशातले नकोत. बोलत्या, ठसकेबाज मराठीतले हवेत. मुलांनी काय पाहावे, याचा विवेक मात्र घरातच करावा लागेल. हिंसेचा भडिमार मराठीत आला म्हणून पथ्यकर होत नाही.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यातले. बलोपासनेचा मंत्र देणाऱ्या या भूमीतील मुलांना पराक्रमाची ओढ असावी, यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्यांच्या मनातला वीर कोणत्या भाषेत बोलतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो गौरव भूतकाळाचा आहे. भाषेचा उद्याचा दिवस मात्र अंगणात खेळताना दहा वर्षांचे पोर कोणत्या भाषेत ललकारी देते, त्यावर ठरणार आहे.