नक्कल आणि आपली अक्कल

आमच्या धाराशिवहून सोलापूर फार लांब नाही. 2 फेब्रुवारी 2025 रोजी तिथे प्रणित मोरे या मराठी विनोदवीराला कार्यक्रम संपल्यावर मारहाण झाली. चाहते म्हणून आलेल्या टोळक्याने एका अभिनेत्यावरच्या विनोदाचा जाब हातांनी विचारला. त्या अभिनेत्याने संबंध नाकारला, पण मार बसायचा तो बसलाच. पुढच्याच महिन्यात मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट'ची मोडतोड झाली. कुणाल कामराचे एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबन तिथे चित्रित झाले होते, एवढाच त्या जागेचा गुन्हा.

मुनव्वर फारूकीची गोष्ट तर आपल्या घराघरांत माहीत आहे. 1 जानेवारी 2021 ला इंदूरमध्ये त्याचा कार्यक्रम मध्येच थांबवून त्याला अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने 5 फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत तो तुरुंगात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगळुरूचा कार्यक्रमही रद्द झाला. आपण हळहळलो, चिडलो. ते बरोबरच होते.

पण प्रश्न असा आहे की, आपण मुनव्वरच्या बाजूने उभे राहिलो की विनोदाच्या? ऑगस्ट 2024 मध्ये तो कोकणी माणसांविषयी नको ते बोलला. कोकणी म्हटले की कोकणी मुसलमानही आलेच. धमक्या आल्या आणि त्याने माफी मागितली. बोलणे हलकेच होते, त्यावर टीका व्हायलाच हवी होती. मात्र वाईट विनोदाला उत्तर शब्दांनी द्यायचे असते, हे त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी म्हटले?

काही बुजुर्ग सूरह हुजुरातचा दाखला देतात. एका गटाने दुसऱ्याची थट्टा करू नये, अशी ताकीद तिथे आहेच. पण ती दुसऱ्याला हीन लेखण्याविरुद्ध आहे. दुबळ्याच्या गरिबीला हसणे वेगळे आणि खुर्चीवरच्या माणसाच्या रुबाबाला हसणे वेगळे. एवढा फरक आमच्या पाचवीच्या मुलांनाही कळतो.

उर्दूत तर तंज-ओ-मिजाहची केवढी दौलत आहे! मुज्तबा हुसैन आपल्याच जुन्या निजामी मुलखातले, गुलबर्गा जिल्ह्यात जन्मलेले. त्यांना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली आणि डिसेंबर 2019 मध्ये ती परत करण्याचे त्यांनी जाहीर केले. लोकांना हसवणारा माणूस किती गंभीर असतो, याचा आणखी कोणता पुरावा हवा? आपण वर्गात पतरस बुखारी कौतुकाने शिकवतो. मात्र समोरच्या बाकावर एखादा पतरस बसला असेल, तर त्याला उठून उभे राहायला सांगतो.

दुसऱ्यांना कशाला बोलू? हा कबुलीजबाब माझाच आहे. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी नववीतल्या एका मुलाने नक्कल बसवली होती. वर्गणी मागताना हात जोडणारे आणि हिशोब विचारला की चष्मा शोधणारे पदाधिकारी! तालमीला शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी वरून निरोप आला. कोणी रागावले नाही, फक्त "बघा सर, तुमचं तुम्ही" एवढेच. मी त्या मुलाला म्हणालो, "बेटा, तू नात पढ." त्याने ती सुरेख म्हटली. पण पुन्हा कधी माझ्यासमोर नक्कल केली नाही.

सोलापुरात हात उचलले गेले. माझ्या शाळेत तेही लागले नाहीत. मी बी.एड. झालेला माणूस, मुलांच्या अभिव्यक्तीवर पानेच्या पाने लिहून पास झालेला!

बाहेरच्यांनी आपल्या माणसाचे तोंड बंद केले, तर तो जुलूम. आपण आपल्या मुलाचे केले, तर ती तरबियत. हा दुहेरी हिशोब आता थांबवला पाहिजे. नाहीतर उद्या एखाद्या मुनव्वरसाठी आपण मागितलेल्या न्यायाला वजन राहणार नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या यादीत मी 'नक्कल' पुन्हा लिहिली आहे. मुलगा दुसरा आहे. निरोप येईलच. या खेपेला मुलाला बोलावणार नाही, मीच वर जाऊन येणार आहे.