सुचवणी यंत्राची, सही आपली

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. प्रोग्रॅम लिहायला सगळे पाठ असावे लागत नाही. हजारो ओळींतून हवा तो शब्द शोधणारे ‘ग्रेप’ हे साधन केन थॉम्प्सन यांनी १९७३ साली तयार केले. ते आजही फुकट मिळते. ‘व्हीएस कोड’ हा एडिटरही फुकट आहे. त्यात दोन अक्षरे टाइप केली की पुढचे नाव सुचते. २०२१ साली आलेले ‘गिटहब कोपायलट’ तर अख्खा प्रोग्रॅम सुचवते. वेळ वाचतो, यात शंका नाही.

पण त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी त्याच्याकडून सुरक्षिततेला धोका संभवतो अशा कामांचे १,६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले. सुमारे ४० टक्क्यांत चोराला वाट मिळेल अशा चुका निघाल्या.

बेरीज कॅल्क्युलेटरने केली तरी व्हाउचरवर सही कारकुनाचीच असते. म्हणून नवशिक्यांनी आधी स्वतः लिहावे, मग सुचवणी पाहावी. जी ओळ दुसऱ्याला समजावून सांगता येईल, तीच ठेवावी. मुलाखतीत कोरा कागद पुढे येतो, तेव्हा सुचवणारे कोणी नसते.

पालकांनो, मुलांना विचारा, ‘या ओळीचा अर्थ काय?’ तुम्हाला उत्तर नाही समजले तरी चालेल. सांगताना त्यांचे त्यांनाच कळेल.