आधी दिवस विचारा

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा बडोद्यातल्या गच्च्यांवर फिरक्या चढलेल्या असतील. १४ जानेवारीचं उत्तरायण आणि १५ चं वासी उत्तरायण, असे दोन पूर्ण दिवस हे शहर गच्चीवर राहतं. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही हातावर तिळगूळ पडला की पावलं जिन्याकडे वळतात, आणि उंधियू-जिलबीची ताटं वरच पोचतात. मांज्याने बोटं कापू नयेत म्हणून लोक आदल्या रात्रीच बोटांना पट्ट्या चिकटवून ठेवतात. तोंड मात्र उघडं. तसं अगदी उघडंही नाही म्हणा, कारण थंडीने गाल तडतडतात म्हणून सकाळी आंघोळ झाली की हाताला लागेल ते घट्ट क्रीम चोपडलेलं असतं, बहुतेक वेळा रात्रीचंच. सोळा तारखेला हीच मंडळी आपल्या पार्लरच्या दारात उभी असतात. चेहरा तांबूस-काळा, नाकाचं साल निघालेलं, आणि तक्रार एकच: "क्रीम तर लावलं होतं!"

लावलं होतं हे खरंच असतं. चुकलं ते आपलं, कारण ते क्रीम कशासाठी आहे हे विकताना आपण सांगितलं नव्हतं. झाकणावरच्या सूर्याकडे आणि चंद्राकडे बोट दाखवलं, हे दिवसाचं, हे रात्रीचं, दोन्ही घेतलीत तर सूट, एवढ्यावर आपलं समुपदेशन संपलं.

ही सूर्य-चंद्राची जोडी आली कुठून, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं. कोल्ड क्रीम फार जुनं. दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याच्या नावावर ते सांगतात: मेण, तेल आणि गुलाबपाणी. त्वचेवरून पाणी उडून जाताना गार वाटतं, म्हणून कोल्ड. दुसरं व्हॅनिशिंग क्रीम. स्टिअरिक आम्लाचा थोडा भाग अल्कलीने साबणासारखा करायचा, त्यात पाणी आणि ग्लिसरीन. चोळलं की दिसेनासं होतं, चमक राहत नाही आणि वर पावडर छान बसते. पॉन्ड्सने ही दोन्ही बाजारात आणली आणि १९१० च्या दशकात अमेरिकेत जोडीने विकायला सुरुवात केली: एक दिवसा लावा, दुसरं रात्री. म्हणजे एका गिऱ्हाइकाला दोन डब्या. युक्ती अशी चालली की आजही आपण तीच चालवतो.

आपल्याकडे १९१९ मध्ये मुंबईत ई. एस. पाटणवालांनी ‘अफगाण स्नो’ काढला आणि आपल्या आज्यांच्या बोलण्यात ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द आला. नीट पाहिलं तर स्नो म्हणजे तेच व्हॅनिशिंग क्रीम. दिवसाचं क्रीम म्हणजे चेहरा तेलकट दिसू न देणारं आणि पावडर धरून ठेवणारं क्रीम, असा त्याचा अर्थ होता. त्यात उन्हाचा संबंधच नव्हता! ऊन अडवण्याचं काम या डबीकडे फार उशिरा आलं. नाव जुनंच राहिलं, आणि गिऱ्हाइकाच्या मनात अर्थही जुनाच राहिला. गच्चीवरची बाई फसते ती इथे.

आता फरक खरा किती, ते एकदा प्रामाणिकपणे बोलू. एकाच कंपनीची दोन्ही क्रीमं शेजारी ठेवा आणि मागचा घटकांचा मजकूर वाचा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणून पहिली पाच-सहा नावं महत्त्वाची. बऱ्याचदा ती दोन्हींत तीच निघतात: पाणी, ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, एखादं मेदाम्ल-अल्कोहोल, सिलिकोन. दिवसाच्या डबीत झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, अव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट यांच्यासारखं ऊन अडवणारं काही आहे का ते शोधा. नसेल, तर ते दिवसाचं क्रीम नाही. ते हलकं क्रीम आहे, आणि तसंच म्हणून विका. रात्रीच्या डबीत रेटिनॉल किंवा ग्लायकोलिकसारखं आम्ल असेल तर तिचं वेगळेपण खरं. रेटिनॉल उजेडात टिकत नाही, आम्लांमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. हे दोन्ही नसून फक्त सुगंध आणि चंद्र असेल, तर घरातली पेट्रोलियम जेली तेवढंच काम करते. हे मी जाहिरातदार वाचत असतानाही लिहिते आहे.

रात्रीसाठी घट्ट क्रीम हवं यामागे थोडं शास्त्र आहे. त्वचेतून नकळत उडून जाणारं पाणी सकाळी कमी असतं, संध्याकाळपासून रात्रीत वाढतं. चेहऱ्याचं तेल उलट दुपारी सगळ्यात जास्त सुटतं. म्हणून रात्री झाकण घालणारा थर, आणि दिवसा ओलावा देणारा पण वर न साचणारा. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, श्रावणात हवा ओली असते, जानेवारीत कोरडी. तेव्हा एकच दिवसाचं क्रीम बारा महिने हा हट्ट सोडा. उन्हाळ्या-पावसाळ्यात जेल किंवा पातळ लोशन, थंडीत लोशन आणि वर सनस्क्रीन. तेलकट चेहऱ्याच्या मुलींना ‘तुला मॉइश्चरायझर नको’ असं सांगण्याची आपली जुनी खोड आहे, तीही सोडा.

पण माझ्या मते आपली मोठी चूक याच्या आधीच होते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आपण त्वचा विचारतो: कोरडी, तेलकट, मिश्र. मी गेली काही वर्षं आधी दिवस विचारते. घरून कशावर निघता? किती वाजता? खिडकीशी बसता का? रात्री कुठे असता?

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. स्कूटरवर डोळ्यांखालून ओढणी घट्ट गुंडाळून अलकापुरीला नोकरीला जाणारी मुलगी म्हणते, मला सनस्क्रीन कशाला, माझं तोंड झाकलेलं असतं. तिचं कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग उघडाच असतो, आणि ऑफिसात पोचून ओढणी सोडताना गालावरचं क्रीम ओढणीला पुसलेलं असतं. तिला लावायला सांगायचं ते निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी, आणि पुन्हा ऑफिसच्या आरशासमोर. दुसरी दिवसभर काचेच्या खिडकीशी बसते. साधी काच जाळणारे किरण बरेच अडवते, काळवंडवणारे आत येऊ देते. तिला एसपीएफच्या आकड्याइतकंच पीएपुढची अधिकची चिन्हं किती ते दाखवावं लागतं. वांगाचे डाग असतील तर रंगीत, लोहाच्या ऑक्साइडचं सनस्क्रीन द्या, कारण आपल्या सावळ्या वर्णात डोळ्यांना दिसणारा उजेडही डाग गडद करतो. पांढरी झाक मारणारं झिंक तिला परवडणार नाही. दोन दिवसांत ती ट्यूब कपाटात जाईल.

आणि नवरात्र! त्या नऊ रात्री बडोद्याची रात्र हाच दिवस असतो. पहाटेपर्यंत गरबा, मेकअप, घाम. त्या मुलींना रात्रीचं क्रीम बेसखाली देणारे महाभाग मी पाहिले आहेत. घटस्थापनेच्या रात्री नऊ वाजता चेहरा नुसता निथळतो.

एसपीएफ असलेलं मॉइश्चरायझर पुरतं का, हा नेहमीचा प्रश्न. कागदावर पुरतं. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के जाळणारे किरण अडवतो, ५० त्याहून जेमतेम टक्काभर जास्त. पण प्रयोगशाळेत तो आकडा मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतक्या थरावर, आणि आपण मॉइश्चरायझर लावतो ते मटाराएवढं. थर पातळ झाला की आकडाही उतरतो. मी गिऱ्हाइकाला हिशेब घालते: चेहरा आणि मान धरून रोज साधारण एक ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब पन्नास दिवस. "माझी तर चार महिने पुरते," असं कौतुकाने सांगणारी बाई सनस्क्रीन लावत नाही, सनस्क्रीनला नमस्कार करते.

आता सोळा तारखेला टॅन काढून मागणाऱ्यांबद्दल. या शहराला डाग काढणाऱ्या रसायनशास्त्राची परंपरा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशाळेचे त्रिभुवनदास गज्जर हे मोठे रसायनतज्ज्ञ. १९०७ ची अलेंबिक ही औषधकंपनी त्यांच्या शिष्यांच्या हातची. क्रांतिकारक दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ते कुणाला निघेना, ते गज्जरांनी काढलं. (चिंचवडच्या माणसाने लावलेलं डांबर बडोद्याच्या विद्येने निघालं, यात अभिमान नक्की कशाचा बाळगावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) पण टॅन हे डांबर नव्हे. ते बाहेरून बसलेलं नसतं, त्वचेने स्वतःच्या बचावासाठी आतून तयार केलेलं असतं. ते उतरायला चार-सहा आठवडे लागतात. भाजलेल्या त्वचेवर सोळा तारखेला ब्लीच लावणं म्हणजे पोळलेल्या हातावर मीठ. त्या आठवड्यात साधं ग्लिसरीनचं लोशन आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही. गिऱ्हाईक शेजारच्या पार्लरमध्ये जाईल; जाऊ द्या.

ग्लिसरीनवरून आठवलं. आपल्या घरांत थंडीत ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबाचा रस अशी बाटली भरून ठेवायची पद्धत आहे. पहिले दोन घटक उत्तम. लिंबू मात्र काढा. लिंबाच्या रसातली द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि महिनोन्महिने काळे राहतात. आजीचा उपाय आहे म्हणून गप्प बसू नका.

एक गोष्ट सांगायला मला जड जाते. पार्लर नवं होतं तेव्हा एक माणूस पांढऱ्या डब्या घेऊन आला. लेबल नाही, परवाना क्रमांक नाही. म्हणाला, खास नाइट क्रीम, तीन आठवड्यांत फरक. मी चार डब्या विकल्या. फरक पडला, बायका खूश झाल्या, दोघी दुसरी डबी मागायला आल्या. डबी बंद केल्यावर त्यातल्या एकीचा चेहरा जो लाल झाला, तो शांत व्हायला पाऊण वर्ष गेलं. त्वचारोगतज्ज्ञांनी एका नजरेत सांगितलं: स्टेरॉइड. तिने मला कधी बोल लावला नाही. आजही भुवया करायला येते, आणि मी तिच्याकडून पैसे घेताना खाली बघते.

माझं तेवढ्यावर निभावलं. २०२३ साली अकोल्याची बातमी आपण वाचली: स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम, एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासाअंती कारण निघालं पारा. केरळातल्या मलप्पुरममधूनही तसेच रुग्ण पुढे आले. कायदा स्पष्ट आहे. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही, आणि २०१८ पासून त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अशी डबी बऱ्याचदा ‘नाइट क्रीम’ म्हणून येते, हे ध्यानात घ्या.  रेटिनॉलची डबीही गरोदर बाईला देऊ नका, आणि गरोदर आहे का हे विचारायला लाजू नका.

परवा सकाळी साडेआठला एक परिचारिका आली. रात्रपाळी संपवून थेट. डोळे तारवटलेले. म्हणाली, "ताई, मी आता घरी जाऊन झोपणार. मग दिवसाचं लावू की रात्रीचं?" मी विचारलं, घर कुठे? मांजलपूर. जाणार कशावर? स्कूटरवर. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं ऊन समोरून. मग सांगितलं: आत्ता सनस्क्रीन लावून जा, घरी पोचून धुऊन टाक, पडदे ओढ, आणि मग जे घट्ट असेल ते लाव. "घट्ट काय घेऊ?" घरात काय आहे? व्हॅसलीन होतं. तेच लाव म्हटलं. तिने सनस्क्रीनची एक ट्यूब घेतली, तिथेच आरशासमोर दोन बोटं भरून लावली आणि ओढणी न गुंडाळताच निघाली. मागून ओरडून सांगावं लागलं, ओढणी घे.