बॅकअप मेल सर्व्हर लावाल, पण डोमेनची चावी कुणाकडे आहे?

२२ जुलै २०२५ ला नायरा एनर्जी या कंपनीची ईमेल सेवा बंद झाली. रिफायनरी गुजरातमध्ये वाडिनारला, मुख्यालय मुंबईत. सर्व्हर बिघडला नव्हता, वीजही गेली नव्हती. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा, म्हणून युरोपीय संघाने १८ जुलैला तिच्यावर निर्बंध लादले आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. परवान्याचे पैसे भरूनही आपलाच डेटा आपल्याला मिळत नाही, असं नायराचं म्हणणं होतं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मेलसाठी रेडिफकडे वळली. ३० जुलैला सेवा परत सुरू झाली.

तेव्हापासून नगर जिल्ह्यातल्या पतसंस्था, दूध संघांतून मला एकच प्रश्न येतो, "आमच्या डोमेनला बॅकअप मेल सर्व्हर लावून देता का?" मागणी रास्त आहे. पण नायरासारखी वेळ आली तर त्याने नेमकं काय वाचेल?

तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये एमएक्स नावाची नोंद असते. मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा, ते ती सांगते. मुख्य सर्व्हरला १० आणि बॅकअपला २० आकडा दिला, की पाठवणारा आधी १० चं दार वाजवतो. ते उघडलं नाही तर २० कडे जातो. बॅकअप तो मेल सांभाळून ठेवतो आणि मुख्य सर्व्हर सुरू झाला की पोचवतो. काम एवढंच. सहसा त्यावरून तुम्हाला मेल वाचता येत नाही, पाठवता येत नाही, आणि जुने मेल तर त्याच्याकडे नसतातच.

शिवाय बॅकअप नसला तरी मेल लगेच हरवत नाही. मानकाप्रमाणे (आरएफसी ५३२१) पाठवणाऱ्या सर्व्हरने निदान चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करायचा असतो. काही सेवा त्याआधी नाद सोडतात, तरी रात्रभर लाइट गेली म्हणून मेल बुडत नाही. उलट बॅकअप ढिसाळ असेल तर स्पॅमवाले मुद्दाम २० च्या दाराने शिरतात.

म्हणून माझा क्रम असा:

१. डोमेन संस्थेच्या नावावर हवं, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नाही. त्या खात्याचा रिकव्हरी मेल त्याच डोमेनवरचा नको. मेल बंद पडला तर पासवर्ड कुठे येणार?
२. सगळ्या मेलबॉक्सची रोजची प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा स्वतःच्या डिस्कवर ठेवा.
३. एमएक्सचा टीटीएल आधीच कमी, म्हणजे तासाभराचा ठेवा. सेवा बदलली तर नवे मेल लवकर नव्या जागी येतील.
४. मग बॅकअप सर्व्हर. तो दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या कंपनीकडे हवा. खात्यांची यादी आणि स्पॅमची चाळणी मुख्य सर्व्हरसारखीच हवी.

रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं. त्यामुळे सहकारी बँकांच्या या नोंदी नुकत्याच हलल्या आहेत. पतसंस्थांना तो नियम नाही, पण पहिला मुद्दा त्यांनाही लागू आहे. पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत एवढंच विचारा: डोमेनचा पासवर्ड कुणाकडे आहे?