जुन्या दप्तरातला ग्रह

१/७
आजचा थ्रेड ग्रहशोधाचा आहे. मात्र तो वाई आणि मिरजेपर्यंत जाणार आहे. माझे मत आरंभीच मांडतो : जुन्या नोंदी जपणे हे शोध लावण्याइतकेच मोलाचे काम आहे.

२/७
महाश्व तारकासमूहात एचडी २०९४५८ हा सूर्यासारखा तारा आहे. त्याभोवती ग्रह असल्याचे १९९९ साली ताऱ्याच्या सूक्ष्म डोलण्यावरून कळले. त्याच वर्षी डेव्हिड शार्बोनो आणि ग्रेग हेन्री यांच्या गटांनी स्वतंत्रपणे ताऱ्याचे तेज मोजले. दर साडेतीन दिवसांनी ग्रह समोरून जाई आणि तेज सुमारे दीड टक्क्याने उतरे. २०१२ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तसेच हे अधिक्रमण. परक्या ताऱ्यापुढील ग्रहाचे अधिक्रमण तेव्हा प्रथमच टिपले गेले.

३/७
पण ते खरोखर प्रथमच होते काय? युरोपच्या हिपार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात लाखाहून अधिक ताऱ्यांची मोजणी केली होती. अधिक्रमणाची वार्ता येताच अभ्यासकांनी ती आकडेवारी पुन्हा उघडली. याच ताऱ्याचे तेज उतरल्याच्या मोजक्या नोंदी तीत सापडल्या! काही वर्षे त्यांचा अर्थ कोणालाही उमगला नव्हता.

४/७
त्या नोंदी एकट्या असत्या, तर ग्रह सिद्ध झाला नसता. नव्या मोजमापांशी जुळल्या, म्हणूनच त्यांना साक्षीचे मोल आले. आणि मधल्या वर्षांच्या अंतरामुळे ग्रहाचा प्रदक्षिणाकाळ अधिक अचूक काढता आला.

५/७
आता आपल्या मुलखाकडे वळू. वाईत हाती आलेल्या जुन्या पत्रांतून वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड सिद्ध केला. पानिपतच्या काळातील ती पत्रे शतकाहून अधिक काळ पडून होती. त्याच सुमारास मिरजेत शिक्षकी करणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचे दप्तर वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करू लागले. या दोघांनीही जुन्याच कागदांना नवे प्रश्न विचारले.

६/७
कोणी म्हणेल, ताऱ्याची आणि मोडी पत्राची तुलना कशी व्हावी? भेद आहेच, आणि तो पत्राचे मोल वाढवणारा आहे. हिपार्कोसच्या नोंदी नष्ट झाल्या असत्या, तरी तो ग्रह साडेतीन दिवसांनी पुन्हा समोर आलाच असता. रद्दीत गेलेले पत्र मात्र परत येत नाही.

७/७
म्हणून साताऱ्या-सांगलीच्या तरुण अभ्यासकांना विनंती : घरात रुमाल बांधलेले कागद असतील, तर ते वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. त्यांचा क्रम मोडू नका. कोठे व कोणाकडे मिळाले ते लिहून ठेवा, छायाचित्रे घ्या. मोडी शिका, आणि एका पत्रावरून निष्कर्ष काढण्याआधी दुसरी स्वतंत्र साक्ष शोधा. आज निरर्थक वाटणाऱ्या ओळीला पुढचा एखादा वाचक योग्य प्रश्न विचारील; तोवर ती ओळ शिल्लक ठेवणे आपल्या हाती आहे.