कोरियन खानावळ आणि आपले पथ्य



आयुर्वेदाच्या त्रैमासिकात कोरियन उपाहारगृहाविषयी लेख पाहून काही वाचकांना हे विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु आहार हा आपल्या शास्त्रातील तीन उपस्तंभांपैकी पहिला उपस्तंभ होय. स्वतःची जुनी वैद्यकपरंपरा असलेल्या दुसऱ्या एका देशाने हा उपस्तंभ रोजच्या व्यवहारात कसा सांभाळला आहे, हे पाहणे विषयांतर ठरू नये.

पुणे परिसरात कोरियन कुटुंबे येऊन राहिली ती प्रामुख्याने उद्योगांमुळे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. कारखान्यांमागून अधिकारी आले, अधिकाऱ्यांमागून त्यांची कुटुंबे आली आणि त्यांना घरचे अन्न मिळावे म्हणून लहान कौटुंबिक उपाहारगृहे निघाली. आम्हा धसई-मुरबाडकरांना माळशेज घाट चढून नारायणगावमार्गे पुणे गाठता येते. त्या निमित्ताने अशा एका ठिकाणी जेवण्याचा योग आला. मोजकी मेजे, स्वयंपाकघरात गृहिणी, वाढायला यजमान, हिशेबाला मुलगा. आपल्याकडील घरगुती खानावळीहून त्याचे स्वरूप फारसे निराळे नव्हते.

ताटाची रचना मात्र वैद्याने लक्षपूर्वक पाहावी अशी होती. मध्यभागी भात, शेजारी आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे ऊन सार आणि भोवती लहान लहान वाट्या. या वाट्यांतील पदार्थांना ‘बानचान’ म्हणतात. कोबीची किमची, मुळ्याचे आंबवलेले तुकडे, मोडांची भाजी, तिळाच्या तेलात परतलेली पालेभाजी, भिजवून शिजवलेली मुळे असे ते पदार्थ होते. वाटी रिकामी झाली की यजमान पुन्हा भरून देत, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शेवटी भांड्याच्या तळाशी लागलेली भाताची खरवड पाण्यात उकळून ते ऊन पाणी पिण्यास दिले. त्यास ते ‘सुंगन्युंग’ म्हणतात. भोजनोत्तर उष्ण अनुपानाचा विचार आपल्याला नवा नाही. तो विचार खानावळीत न मागता मिळावा, हे मात्र नवे होते.

शेजारच्या मेजावरील एक कोरियन गृहस्थ केवळ भाताची घट्ट पेज घेत होते. पोट बिघडले आहे, एवढेच त्यांनी सांगितले. ही पेज त्यांना कोणा वैद्याने लिहून दिली नव्हती. तिचे नाव पदार्थांच्या यादीत इतर पदार्थांसारखेच छापलेले होते. या लेखाचे प्रयोजन त्या यादीतील त्या एका ओळीत आहे.

या पेजेला कोरियन भाषेत ‘जुक’ म्हणतात. भोपळ्याची, चिलगोज्याच्या जातीच्या बियांची, शिंपल्यातील मांसाची असे तिचे अनेक प्रकार आहेत. आजारी, वृद्ध आणि बालक यांचे ते नित्याचे अन्न आहे. केवळ जुक विकणारी दुकाने कोरियात आहेत. २००२ साली सोलमध्ये सुरू झालेली ‘बोनजुक’ ही साखळी त्यांपैकी प्रसिद्ध आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर तेथे पेया आणि विलेपी बाजारात विकत मिळते. शार्ङ्गधराने विलेपीसाठी तांदळाच्या चौपट आणि पेयेसाठी चौदापट पाणी सांगितले. ते प्रमाण आपल्या विद्यार्थ्यांस परीक्षेत लिहिता येते. परंतु मुरबाडच्या एस.टी. स्थानकाजवळ उतरलेल्या अतिसाराच्या रुग्णास ती पेया कोठे मिळेल, याचे उत्तर आपल्यापाशी नाही.

दुसरी गोष्ट वाटीतील मुळांची. बानचानमध्ये ‘दोराजी’ नावाच्या वनस्पतीचे मूळ भाजी म्हणून येते आणि तेच मूळ तेथील वैद्यकात कफ-कासावर वापरले जाते. ‘गोसारी’ हा नेच्याचा कोवळा कोंब; कच्चा असता तो अपायकारक असतो, म्हणून उकळून, पाणी टाकून, वाळवून, पुन्हा भिजवून मगच शिजवतात. हाच आपला ‘करण’ अर्थात संस्कार होय. आपल्या शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी भगिनी पावसाच्या आरंभी शेवळे विकावयास आणतात, तेव्हा सोबत काकडाची आंबट फळे देतात. शेवळ्यांनी घशास येणारी खाज त्या अम्ल संस्काराने जाते. हे ज्ञान गोसारीच्या ज्ञानाहून कमी प्रतीचे नाही. फरक इतकाच की गोसारी खानावळीच्या वाटीत पोहोचली आणि शेवळे, भारंगी, टाकळा, कुर्डू ही आठवडी बाजाराच्या पलीकडे गेली नाहीत.

तिसरी गोष्ट आंबवलेल्या भाज्यांची. किमची म्हटली की आपल्या तरुणांना ती परदेशी नवलाई वाटते. शार्ङ्गधरसंहितेच्या संधानकल्पनेत मुळा आणि मोहरी यांचे संधान करून होणारी ‘सण्डाकी’ वर्णिली आहे, हे आपल्यापैकी कितींच्या स्मरणात असेल? कोरियनांनी हिवाळ्याच्या तोंडी सामुदायिकपणे किमची घालण्याची ‘किमजांग’ ही प्रथा जपली आणि २०१३ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपली सण्डाकी मात्र पाठांतरातच राहिली.

या सर्वांमागे त्या देशाचा वैद्यकविचार आहे. आहार आणि औषध यांचे मूळ एकच, ही तेथील जुनी धारणा होय. राजवैद्य जॉन सुन-ई यांनी १४६० साली आहारोपचारावर स्वतंत्र ग्रंथ रचला. हो जुन यांचा ‘दोंगुई बोगाम’ हा महाग्रंथ १६१० साली पूर्ण झाला, १६१३ साली छापला गेला आणि २००९ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाला. ली जे-मा यांनी १८९४ साली मनुष्याच्या चार प्रकृती मांडल्या. ग्रंथसंपत्तीत आपण त्यांच्या मागे नाही. त्यांचे ग्रंथ स्वयंपाकघरातून वाहते राहिले, येथे त्यांची सरशी झाली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रुग्णांना कोरियन अन्न खाण्यास सांगावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. किमची ही अम्ल, लवण आणि तीक्ष्ण आहे. अम्लपित्त, रक्तपित्त आणि त्वग्विकाराच्या रुग्णास ती वर्ज्यच ठरेल. चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. कोरियात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जगात वरच्या क्रमांकांत असून अतिलवण आहार हे त्याच्या मान्य कारणांपैकी एक आहे. तेथे कडक उन्हाळ्यातील ‘बोकनाल’ या ठरावीक दिवशी जिनसेंग घातलेले कोंबडीचे ऊन सार पिण्याची रीत आहे. आपली ग्रीष्मचर्या मधुर, शीत आणि द्रव अन्न सांगते. देश निराळा, काल निराळा, म्हणून आहारही निराळा. त्याच विमानाध्यायातील आठ आहारविधिविशेषायतनांत देश आणि काल यांना स्थान आहे ते याचसाठी. किराणा दुकानांत कोरियन चवीच्या झणझणीत नूडल्सची पाकिटे टांगलेली दिसतात. त्यांचा आणि वर वर्णिलेल्या ताटाचा संबंध नावापुरताच आहे, हेही पालकांना सांगावे लागेल.

अनुकरण पदार्थांचे करावयाचे नाही. वैद्यकातील अन्नकल्पना सामान्य खानावळीच्या यादीत नेण्याची जी रीत त्यांनी साधली, तिचा विचार करावयाचा आहे.

आपली आजची स्थिती काय आहे? आपण औषधाबरोबर पथ्यापथ्याचा छापील कागद देतो. तो कागद घरी सुगरण आहे, तिला वेळ आहे आणि रुग्ण दोन्ही वेळा घरी जेवतो, असे गृहीत धरतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, आसनगावहून पहाटेची लोकल धरणारा नोकरदार, मालवाहू गाडीचा चालक यांस तो कागद लागू पडत नाही. विरेचनानंतर संसर्जनक्रम शुद्धीच्या मानाने तीन, पाच वा सात दिवसांचा. रुग्ण दुसऱ्याच दिवशी कामावर जातो आणि दुपारी मिसळ खातो. अग्नी बिघडतो, तक्रारी वाढतात आणि दोष पंचकर्माच्या माथी येतो. पथ्य कागदावर आणि रुग्ण खानावळीत, अशी ही फारकत आहे. ती मिटली नाही तर आपली उत्तम औषधेही निष्फळ ठरतील.

वर्षा ऋतूचे उदाहरण घ्या. या काळात जाठराग्नी मंद असतो, हे आपण प्रत्येक रुग्णास सांगतो. नेमक्या याच काळात माळशेजच्या रस्त्यावर पर्यटकांची गर्दी होते आणि तेथे भजी आणि नूडल्स यांवाचून दुसरे फारसे मिळत नाही. त्याच टपरीवर सुंठ-मिरे घातलेले मुगाचे किंवा कुळथाचे ऊन कढण मिळाले, तर ते विकले जाणार नाही काय? तांदूळ या तालुक्यांचे मुख्य पीक, नाचणी आणि वरई डोंगरउतारावर पिकते. सामग्री दाराशी आहे.

यासाठी माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या गावातील एका घरगुती खानावळीशी बोलावे आणि पाच पदार्थ यादीत घालावयास सांगावे: पेज, गुरगुट्या भात, मुगाचे कढण, भाजलेले जिरे आणि सैंधव घातलेले ताजे ताक, आणि साळीच्या लाह्यांचे पाणी. कृती आणि प्रमाण वैद्याने स्वतः उभे राहून एकदा करून दाखवावे. रुग्णाला कागद देताना त्यावर खानावळीचा पत्ताही लिहावा.

औषधी दुकानदारांचे यात मोठे साहाय्य होईल. जुने तांदूळ, साळीच्या लाह्या, कुळीथ, सुंठ आणि सैंधव हे जिन्नस स्वच्छ निवडून लहान पुड्यांत ठेवावेत आणि सोबत कृतीची चिठ्ठी द्यावी. नफा अल्प आहे. परंतु पथ्य सांभाळणारा रुग्ण पुन्हा त्याच दुकानात येतो.

काही आक्षेप येतील. वैद्याने खानावळीत लक्ष घालणे अप्रतिष्ठेचे आहे, असे कोणी म्हणेल. आपले पाकशास्त्रविषयक ग्रंथ पाहता तो आक्षेप टिकत नाही. खानावळवाल्यास हे परवडणार नाही, असाही एक आक्षेप आहे. मूठभर तांदळाच्या पेजेस राईसप्लेटइतका खर्च येत नाही आणि तिच्यासाठी वेगळी चूलही लागत नाही. तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा. खानावळीस अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी हवी. पेजेच्या फलकावर कोणत्याही रोगाचे नाव किंवा बरे होण्याचा दावा लिहू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याचे भान ठेवावे. ‘आयुर्वेद आहार’ या नावाने वेष्टनबंद पदार्थ विकावयाचे असल्यास २०२२ चे नियम आहेत, ते पाहूनच पुढे जावे. फलकावर फक्त ‘पेज’ एवढेच असावे. त्या कोरियन यादीतही त्याहून अधिक काही नव्हते.

आमच्या भागातील लोक नवे स्वीकारत नाहीत, हे म्हणणेही पटणारे नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. बँक आणि एक संस्था पाठीशी उभी राहिली आणि लहान दुकानदारांनीही कार्डयंत्रे घेतली. त्या प्रयोगाच्या यशापयशाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. कोणी पाठीशी उभे राहिले तर खेड्यातील दुकानदार नवी गोष्ट करून पाहतो, एवढे त्यातून दिसते. पेजेच्या पाठीशी आपणच उभे राहावयास हवे.

संघटनेच्या तालुका शाखांनी येत्या वर्षा ऋतूपूर्वी निदान एकेक खानावळ निश्चित करावी. दुपारच्या गर्दीत पेज गार होते का, ताक किती वेळ ताजे राहते, गिऱ्हाईक काय मागते, या लहान गोष्टींची टिपणे ठेवावीत आणि ती संपादकांकडे पाठवावीत. पुढील अंकात त्यांवर सविस्तर विचार करता येईल.